अबोल मध्यस्थ : ओमानकडून काय शिकावे?

१३ जून २०२५ रोजी इस्राईलने इराणवर हल्ला केला. दहा दिवसांनी इराणने कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रे डागली, आणि आखातातल्या अनेक विमानतळांवरची विमाने काही तास जागच्या जागी थांबली. ज्या घरातला मुलगा, भाऊ किंवा जावई तिकडे कामाला आहे, त्या घराला हे युद्ध दूरचे वाटत नाही. दुबई, दोहा, रियाध, मस्कत ही नावे नांदेड-लातूरच्या मोहल्ल्यांना परकी नाहीत. तिकडचा पगार थांबला तर इकडे बहिणीचे लग्न थांबते, अब्बांचे औषध थांबते, घराचा अर्धा उभा स्लॅब तसाच राहतो.

या युद्धाच्या बातम्यांमध्ये एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटली. हल्ला झाला नसता तर दोनच दिवसांनी, १५ जूनला, अमेरिका आणि इराण यांच्या बोलण्यांची सहावी फेरी होणार होती. ठिकाण होते मस्कत, आणि दोघांमध्ये बसणारा होता ओमान. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर क्वचितच येणारा हा देश अशा प्रत्येक वेळी मध्ये कसा असतो? त्याच्यावर दोन्हीकडचे भरवसा का ठेवतात? आणि इतके करूनही युद्ध झालेच, तर मग त्या मध्यस्थीचा उपयोग काय? हे प्रश्न आम्हाला महत्त्वाचे वाटतात, कारण त्यांची उत्तरे आपल्या घरांनाही लागू पडतात.

लहान देश, मोठे शेजारी

ओमानचे क्षेत्रफळ साधारण आपल्या महाराष्ट्राएवढे आहे. लोकसंख्या मात्र सुमारे ५० लाख. २०११ च्या जनगणनेत नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या ५८ लाखांच्या वर होती. म्हणजे आपले दोन जिल्हे एका पारड्यात टाकले तर ओमानचे पारडे हलके भरेल. त्यातही मोठा वाटा बाहेरून आलेल्या कामगारांचा आहे, आणि त्यात आपले भारतीय लाखोंनी आहेत.

शेजार मात्र जबरदस्त. एका बाजूला सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरात, दुसरीकडे येमेन, समोर समुद्रापलीकडे इराण. ओमानचे मुसंदम हे टोक होर्मुझच्या सामुद्रधुनीत घुसलेले आहे. तिथे दोन किनाऱ्यांमधले अंतर चाळीस किलोमीटरही नाही, आणि जगात वापरल्या जाणाऱ्या तेलापैकी सुमारे एक पंचमांश तेल याच वाटेने जात आले आहे. त्या वाटेवर भांडण झाले तर पहिली झळ ओमानला, आणि त्यामागोमाग आपल्या पेट्रोल पंपाला.

दीनच्या बाबतीतही ओमान थोडा वेगळा आहे. तिथले राजघराणे आणि जनतेचा मोठा हिस्सा इबादी पंथाचा आहे. हा पंथ ना सुन्नी, ना शिया. देशात सुन्नीही आहेत, शियाही आहेत, आणि ते एकमेकांच्या मशिदीत नमाजला उभे राहतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या हयातीतच हजरत अम्र बिन आस (रजि.) त्यांचे पत्र घेऊन ओमानला गेले. तिथे राज्य करणाऱ्या जैफर आणि अब्द या दोघा भावांनी तलवार न उचलता इस्लाम स्वीकारला. सहीह मुस्लिममध्ये एक प्रसंग आहे. एका कबिल्याकडे पाठवलेल्या माणसाला तिथल्या लोकांनी शिव्या दिल्या, मारहाण केली. तो परत येऊन तक्रार करू लागला तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले की तू ओमानच्या लोकांकडे गेला असतास तर त्यांनी असे केले नसते. ओमानी लोक हा प्रसंग आजही अभिमानाने सांगतात.

आधी घरातला समेट

बाहेरच्यांचे भांडण सोडवणाऱ्याचे स्वतःचे घर कसे आहे, हे लोक आधी पाहतात. १९७० साली सुलतान काबूस बिन सईद गादीवर आले तेव्हा ओमानच्या दक्षिणेला धोफार भागात बंड पेटलेले होते. ते १९६५ पासून सुरू होते आणि १९७५ पर्यंत चालले. सुलतानांनी लष्कर वापरले, ब्रिटन, जॉर्डन आणि इराणच्या शहाची मदतही घेतली. पण त्याबरोबर त्यांनी आणखी एक दार उघडले. जो बंडखोर शस्त्र खाली ठेवील त्याला माफी. आणि ही माफी कागदावरची नव्हती.

याचा सर्वांत मोठा दाखला म्हणजे यूसुफ बिन अलवी. ते एकेकाळी धोफारच्या बंडखोर चळवळीत होते. माफीनंतर परतले, सरकारी सेवेत आले, आणि पुढे १९९७ पासून २०२० पर्यंत ओमानचे परराष्ट्र व्यवहार त्यांनीच सांभाळले. जो माणूस काल समोरच्या फळीत होता, त्याच्याच हाती देशाची सर्वांत नाजूक कामे दिली गेली. भांडणाच्या दोन्ही बाजू ज्याने आतून पाहिल्या आहेत, त्याला रागावलेल्या माणसाचे मन अधिक कळते. आपल्याकडे मात्र एकदा घराबाहेर पडलेल्या भावाला पुढे दहा वर्षे लग्नपत्रिकाही जात नाही.

दोन्ही दारे उघडी

ओमानचा दुसरा गुण म्हणजे कोणाच्या रागात सामील होऊन तिसऱ्याशी बोलणे न तोडणे. १९७९ मध्ये इजिप्तने इस्राईलशी तह केला तेव्हा बहुतेक अरब देशांनी इजिप्तशी संबंध तोडले, ओमानने तोडले नाहीत. १९८० ते १९८८ इराक आणि इराण एकमेकांचे तरुण रणांगणावर संपवत होते. बाकीचे अरब देश बहुतांशी इराककडे झुकले. ओमानने दोन्ही राजधान्यांशी बोलणे चालू ठेवले.

याचा उपयोग पुढे हजच्या निमित्ताने झाला. जुलै १९८७ मध्ये मक्केत इराणी यात्रेकरूंची निदर्शने आणि सौदी पोलीस यांच्यात संघर्ष होऊन चारशेच्या वर माणसे मृत्युमुखी पडली. १९८८ मध्ये दोन्ही देशांचे संबंध तुटले. १९८८, १९८९, १९९० अशी सलग तीन वर्षे इराणचे यात्रेकरू हजला आलेच नाहीत. त्यांतल्या किती वृद्धांच्या आयुष्यात पुन्हा ती संधी आली नसेल! १९९१ मध्ये संबंध जुळले, इराणी यात्रेकरू पुन्हा लब्बैक म्हणत आले. हे जुळवण्यामागे ओमानची मध्यस्थी होती. आपल्या बुजुर्गांनी त्या काळी रेडिओवर ही बातमी ऐकली असेल, पण त्यामागे कोण होते हे फारसे कोणी सांगितले नसेल.

जानेवारी २०१६ मध्ये सौदी आणि इराण पुन्हा तुटले. बहारीननेही लगेच इराणशी संबंध तोडले, अमिरातने कमी केले. ओमानने खेद व्यक्त केला, पण दार लावले नाही. जून २०१७ मध्ये सौदी, अमिरात, बहारीन आणि इजिप्त यांनी कतारची नाकेबंदी केली. जमिनीचा रस्ता बंद, आकाश बंद. तेव्हा कतारचा माल ओमानच्या सोहार आणि सलाला बंदरांतून जाऊ लागला. या भांडणात मध्यस्थीचा पुढाकार कुवेतकडे होता, आणि ओमानने तो हिसकावून घेतला नाही. जानेवारी २०२१ मध्ये अल-उला येथे समेट झाला.

येमेनमध्येही हेच. २०१५ मध्ये सौदीच्या नेतृत्वाखाली आखाती देश येमेनच्या युद्धात उतरले, एकटा ओमान उतरला नाही. म्हणूनच हौथींचे प्रतिनिधी मस्कतमध्ये बसू शकले आणि सौदीचे राजदूतही. या उघड्या दाराचा फायदा आपल्याही एका देशबांधवाला झाला. केरळचे फादर टॉम उझुन्नालिल यांना मार्च २०१६ मध्ये एडनमधून पळवून नेले होते. दीड वर्षाने, सप्टेंबर २०१७ मध्ये त्यांची सुटका झाली ती ओमानच्या प्रयत्नाने. एका ख्रिस्ती धर्मगुरूसाठी एका मुस्लिम देशाने केलेली ही धडपड आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे.

ऐकलेले पोटात ठेवणे

तिसरा गुण सर्वांत अवघड. तो म्हणजे गप्प राहणे.

२००९ मध्ये इराक-इराण सरहद्दीवर तीन अमेरिकी तरुण पकडले गेले. इराणने त्यांना तुरुंगात टाकले. ओमानने जामिनाची व्यवस्था केली, आणि २०१० मध्ये एक व २०११ मध्ये दोघे सुटून मस्कतला आले. काम तसे लहान होते. पण त्यातून दोन्ही बाजूंना कळले की हा माणूस शब्दाचा पक्का आहे. त्याच विश्वासावर २०१२ आणि २०१३ मध्ये अमेरिका व इराणचे अधिकारी मस्कतमध्ये गुपचूप भेटले. जगाला पत्ता नव्हता. नोव्हेंबर २०१३ मध्ये जिनिव्हात तात्पुरता करार झाला आणि जुलै २०१५ मध्ये इराणच्या अणुकार्यक्रमावरचा मोठा करार. छायाचित्रात मोठ्या देशांचे मंत्री हसत उभे होते. ज्याने दार उघडून दिले तो त्या छायाचित्रात नव्हता.

सौदी आणि इराण यांचा समेटही तसाच. १० मार्च २०२३ रोजी बीजिंगमध्ये दोघांनी हात मिळवले आणि जगभर चीनचा गौरव झाला. पण त्या निवेदनात दोन्ही देशांनी इराक आणि ओमानचे आभार मानले आहेत, कारण २०२१ आणि २०२२ मधल्या बोलण्याच्या फेऱ्या या दोघांच्या अंगणात झाल्या होत्या. ताट वाढले चीनने, चूल पेटवली होती दुसऱ्यांनी.

२०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिका आणि इराणची बोलणी पुन्हा सुरू झाली. शिष्टमंडळे बहुतेक वेळ वेगवेगळ्या खोल्यांत, आणि ओमानचे परराष्ट्रमंत्री बद्र अलबुसैदी निरोप घेऊन इकडून तिकडे. ज्याने कधी दोन रुसलेल्या घरांमध्ये लग्नाची बोलणी केली आहेत, त्याला हे दृश्य ओळखीचे वाटेल. मधल्या माणसाने इकडचा राग तिकडे जसाच्या तसा पोचवला तर खेळ खलास. आणि गोड करून खोटेच सांगितले तरी पुढे विश्वास जातो. खरे तेवढेच, पण ऐकवेल अशा शब्दांत सांगणे हेच त्याचे काम. मजलिसमध्ये ऐकलेली गोष्ट ही अमानत असते, हे आपल्याला दीनने शिकवले आहे. आपल्याकडे ती अमानत संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपच्या तीन ग्रुपवर गेलेली असते.

पाण्यापासून सुरुवात

मोठे वाद एकदम सुटत नाहीत. म्हणून शहाणा मध्यस्थ दोघांनाही ज्याची गरज आहे अशा एखाद्या गोष्टीपासून सुरुवात करतो. १९९६ मध्ये मस्कतला समुद्राचे खारे पाणी गोडे करण्याच्या संशोधनाचे एक केंद्र उभे राहिले. अरब आणि इस्राईल यांच्यातल्या शांतता बोलण्यांमधून निघालेले हे काम. पॅलेस्टिनी, जॉर्डनी आणि इस्राईली, तिघेही त्याचे सदस्य झाले. राजकारणातली बोलणी पुढे कोलमडली, पण तहान कोणाची थांबली नाही, म्हणून केंद्राचे कामही थांबले नाही.

पाण्याचे मोल लातूरला सांगायला नको. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर पाणी होते. ज्यांनी त्या उन्हाळ्यात घागरी घेऊन रांगा लावल्या, त्यांना पाण्यावरून दोन घरे, दोन गावे, दोन राज्ये कशी समोरासमोर येतात हे ठाऊक आहे.

नांदेड जिल्ह्यात धर्माबाद तालुक्यातला बाभळी बंधारा हे त्याचे जवळचे उदाहरण. गोदावरीवरच्या या बंधाऱ्याने आमचे पाणी अडते, असे खालच्या आंध्रचे म्हणणे होते, आणि आमच्या हद्दीतले आमच्या वाट्याचे पाणी आम्ही अडवतो, असे महाराष्ट्राचे. जुलै २०१० मध्ये चंद्राबाबू नायडू आपल्या साथीदारांसह धर्माबादला आले, त्यांना अटक झाली, आणि दोन्हीकडे वातावरण तापले. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दारे उघडी ठेवायची. १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचे. देखरेखीला तिघांची समिती, दोन्ही राज्यांचा एकेक आणि केंद्रीय जल आयोगाचा एक. त्यानंतर आंध्रचे दोन भाग झाले, खालचा शेजारी आता तेलंगणा आहे, पण नियम तोच चालू आहे. इथे निवाडा न्यायालयाचा होता, ओमानसारखी स्वेच्छेची मध्यस्थी नव्हती. तरी बाभळीचा धडा तोच आहे. वेळापत्रक ठरलेले असावे, मोजमाप ठरलेले असावे, आणि दारे उघडताना दोघांच्याही भरवशाचा तिसरा माणूस हजर असावा. बांधावरून भांडणाऱ्या दोन भावांनाही यापेक्षा वेगळे काही लागत नाही.

मग युद्ध का थांबले नाही?

आता तो अवघड प्रश्न. १५ जूनची फेरी झालीच नाही. ज्याच्या हाती फौज नाही तो दार उघडू शकतो, कोणाला हाताला धरून आत आणू शकत नाही. २०१५ चा करार २०१८ मध्ये अमेरिकेने एकतर्फी सोडला तेव्हाही ओमान काही करू शकला नव्हता. मध्यस्थाची ताकद दोन्ही बाजूंच्या नीयतीवर अवलंबून असते, हे मान्य केलेच पाहिजे.

ओमानवर आक्षेपही आहेत. ऑक्टोबर २०१८ मध्ये इस्राईलचे पंतप्रधान नेतन्याहू मस्कतला आले तेव्हा जगभरातल्या अनेक मुसलमानांना ते खटकले. ज्याच्या हातून जुलूम होतो त्याला घरात बोलावणे म्हणजे समेट का, असे लोक विचारू लागले. हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. गाझाच्या बाबतीत तर नाहीच. शिवाय ओमान जे करतो ते केवळ पुण्यकर्म म्हणून करत नाही. होर्मुझला आग लागली तर तोच आधी होरपळेल, म्हणून शांतता ही त्याची गरज आहे. आणि जिथे एका सुलतानाच्या हाती सगळा निर्णय असतो तिथे गुपित राखणे सोपेही असते.

सूरह हुजुरातमध्ये याचे उत्तर आहे असे आम्हाला वाटते. मोमिनांचे दोन गट भिडले तर त्यांच्यात समेट घडवण्याचा हुकूम तिथे आहे. पण एक गट अत्याचारावर अडून बसला तर त्याला आवर घालण्याचाही हुकूम आहे, आणि तो वळला की पुन्हा न्यायाने समेट करण्याचा. म्हणजे इस्लाह म्हणजे दोघांनाही सारखेच दोषी ठरवून मोकळे होणे नव्हे. मारणारा आणि मार खाणारा यांना एका तराजूत बसवणारी मध्यस्थी न्यायाची नसते. ओमानचे काम दार उघडे ठेवण्याचे आहे. अत्याचार थांबवण्याची जबाबदारी ज्यांच्या हाती ताकद आहे त्यांची आहे, आणि ते तिथे कमी पडले म्हणून दार उघडे ठेवणाऱ्याला निरुपयोगी म्हणता येणार नाही. काही घडलेही आहे. ६ मे २०२५ रोजी अमेरिका आणि हौथी यांच्यातल्या युद्धबंदीची घोषणा ओमाननेच केली होती. सुलतान काबूस १० जानेवारी २०२० रोजी अल्लाहला प्यारे झाले. त्यानंतर भारत सरकारने त्यांना २०१९ चा गांधी शांतता पुरस्कार जाहीर केला. सुलतान हैसम बिन तारिक यांनी तीच वाट पुढे चालू ठेवली.

आपल्या घरचे मस्कत

नबुव्वत मिळण्याच्या आधीचा तो प्रसंग आपण मुलांना सांगतोच. काबाची पुन्हा बांधणी झाली, हजरे अस्वद जागेवर कोणी ठेवायचा यावरून कुरैशच्या कबिल्यांत तलवारी निघायची वेळ आली. प्रेषितांनी (स.) चादर पसरली, दगड तिच्यावर ठेवला, प्रत्येक कबिल्याच्या सरदाराला चादरीची कड धरायला लावली, आणि दगड जागेपाशी आल्यावर आपल्या हाताने बसवला. कोणाचाही मान गेला नाही आणि काम झाले. पुढे हुदैबियाच्या वेळी तर कुरैशच्या आक्षेपावरून आपल्या नावापुढचे अल्लाहचा रसूल हे शब्दही त्यांनी करारातून काढू दिले. समेटासाठी स्वतःचा मान बाजूला ठेवणे म्हणजे काय, हे यापेक्षा वेगळे सांगता येणार नाही.

पती-पत्नीत बेबनाव झाला तर दोन्हीकडून एकेक समजूतदार माणूस नेमावा, हे सूरह निसामध्ये सांगितलेले आहे. आपल्याकडे मात्र वाद झाला की आधी दहा नातेवाईक जमतात, प्रत्येक जण आपल्या बाजूचा वकील होतो, आणि दोन दिवसांत प्रकरण पोलीस ठाण्यात जाते. दोन शहाण्या माणसांनी बंद खोलीत बसून जे मिटले असते, ते चार वर्षे कोर्टात रखडते. लेकरांची शाळा सुटते ती वेगळीच.

प्रत्येक खानदानात असा एक माणूस हवा, जो दोन्ही भावांकडे ईदला शीरखुर्मा खायला जातो, आणि एकाकडचे बोल दुसरीकडे नेत नाही. तो बुजुर्ग असेल असे नाही. एखादी फुफी असेल, एखादी थोरली सून असेल. वाटणीचा मोठा वाद नंतर निघेल, आधी आजारी अम्मीला दवाखान्यात कोण नेणार एवढे तिने दोघांकडून ठरवून घ्यावे. समेट झाला की लोक दुसऱ्याच कोणाचे कौतुक करतील, ते करू द्यावे. आणि एकाने खरोखर दुसऱ्याचा हक्क मारला असेल, बहिणीचा वाटा दाबला असेल, तर गोड बोलून ते झाकू नये. तिथे हक्क मिळवून देणे हाच समेट.

रुसलेल्यांची मने जुळवण्याचे काम नफिल रोजे, नफिल नमाज आणि सदक्याहूनही वरचे आहे, असे हदीसमध्ये आले आहे. अल्लाह आखातात राबणाऱ्या आपल्या सर्व लेकरांना सलामत ठेवो, आणि आपल्यातल्या एखाद्याला तरी असा अबोल मध्यस्थ होण्याची तौफिक देवो. आमीन.